ब्रेस्ट इम्प्लांट : माप ठरते कसे?

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार करणारी स्त्री प्लास्टिक सर्जनकडे जाते, तेव्हा बहुतेक वेळा तिने एक अक्षर मनाशी ठरवलेले असते. 'सध्या ए कप आहे, सी कप हवा', इतकी सरळ मागणी. काही जणी एखाद्या अभिनेत्रीचे छायाचित्र बरोबर आणतात, तर काही जणी मैत्रिणीचा आकडा सांगतात : 'तिला साडेतीनशे सीसीचे बसवले, मलाही तेवढेच बसवा.' डॉक्टर मात्र या मागणीवर लगेच हो किंवा नाही म्हणत नाहीत. ते मोजपट्टी आणि कॅलिपर काढतात, छातीवर स्तनाची रुंदी मोजतात, त्वचा चिमटीत धरून जाडी पाहतात, ती किती ताणली जाते याची नोंद करतात आणि मग एक आकडा सांगतात. हा आकडा मनातल्या आकड्यापेक्षा पुष्कळदा लहान असतो आणि पहिली नाराजी तेथेच सुरू होते. पैसे आपले, शरीर आपले, मग माप डॉक्टरांनी का ठरवावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

खरे तर माप डॉक्टरही ठरवत नाहीत. त्या स्त्रीच्या छातीचा पिंजरा, तिची त्वचा आणि स्तनातील मूळच्या ऊती यांनी ते बव्हंशी आधीच ठरवून ठेवलेले असते. डॉक्टरांनी ते शोधून काढायचे असते. स्त्रीच्या आवडीला त्यात जागा आहे, पण ती समजली जाते त्यापेक्षा बरीच कमी आहे. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी कळली तर पुढचे अनेक त्रास टळतात. नंतर कळली, तर बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी करावी लागते.

कपाचे अक्षर आणि सीसीचा आकडा

गोंधळाचे पहिले कारण म्हणजे येथे तीन वेगवेगळी मापे एकमेकांत मिसळली जातात. ब्रा इंच आणि अक्षरांत विकली जाते, इम्प्लांट सीसीमध्ये म्हणजे घनफळात मोजले जाते आणि छाती सेंटीमीटरमध्ये मोजावी लागते. एका मापावरून दुसऱ्याचा थेट हिशेब निघत नाही.

कपाचे अक्षर हे मुळात स्वतंत्र माप नाहीच. छातीच्या सर्वांत उंच भागावरचा घेर आणि स्तनाखालच्या पट्ट्याचे माप यांतला फरक ते दाखवते. साधारण एक इंच फरक असेल तर ए, दोन इंच असेल तर बी, तीन इंच असेल तर सी. त्यामुळे पट्टा बदलला की त्याच अक्षराचा अर्थ बदलतो. ३४ सी, ३२ डी आणि ३६ बी या तिन्ही मापांच्या ब्रामध्ये कपाचे घनफळ जवळजवळ सारखेच असते. म्हणजे ३२ च्या पट्ट्यातली स्त्री ज्या घनफळाला डी म्हणेल, त्यालाच ३६ च्या पट्ट्यातली स्त्री बी म्हणेल. त्यात प्रत्येक कंपनीची शिवण निराळी. एकाच स्त्रीला एका दुकानात बी तर दुसऱ्या दुकानात सी बसतो, हा अनुभव नवा नाही. कोणताही जबाबदार सर्जन अमुक एका कपाची हमी देत नाही, ते यामुळेच. अशी हमी कोणी छातीठोकपणे देत असेल तर तेथे दुसरा सल्ला घेतलेला बरा.

एक कप वाढण्यासाठी साधारण दीडशे ते दोनशे सीसी लागतात, असा ढोबळ अंदाज या क्षेत्रात वापरला जातो. छाती अरुंद असेल तर त्याहून कमी घनफळातही कप बदलतो. रुंद असेल तर दोनशे सीसी घालूनही फारसा फरक दिसत नाही. उंच, रुंद खांद्यांच्या मैत्रिणीला ३५० सीसीचे इम्प्लांट शोभून दिसले, तेच लहान चणीच्या स्त्रीच्या छातीवर ओसंडून वाहते. दुसरीचा आकडा आपल्याला उपयोगी का पडत नाही, याचे कारण इतके साधे आहे.

सीसीचा आकडाही एकट्याने सगळे सांगत नाही. गोल इम्प्लांटला तीन मापे असतात : तळाचा व्यास, पुढे येणारा उंचावा आणि एकूण घनफळ. एक लिटर पाणी परातीत ओतले तर पसरते आणि तांब्यात ओतले तर उंच चढते. पाणी मात्र तेवढेच. इम्प्लांटचेही तसेच असते. ३०० सीसीचे इम्प्लांट कमी उंचाव्याचे घेतले तर तळाशी साधारण १३ सेंटीमीटरपर्यंत रुंद असते, जास्त उंचाव्याचे घेतले तर ११ सेंटीमीटरच्या आसपास. कंपन्या यांना लो, मॉडरेट, हाय प्रोफाइल अशी नावे देतात. 'किती सीसी?' हा प्रश्न विचारण्याआधी 'किती रुंद?' हा प्रश्न विचारायला हवा, असे जे सर्जन सांगतात ते या कारणासाठी.

छातीवरची चार-पाच मापे

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६२ मध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जनांनी बसवले. त्यानंतर कितीतरी वर्षे माप ठरवण्याचे काम मुख्यतः नजरेने चालत असे. सर्जनचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांच्या बेरजेतून आकडा निघायचा. तो काही वेळा अचूक निघायचा, काही वेळा नाही. पुढे घनफळाऐवजी शरीराच्या मापांपासून सुरुवात करण्याची पद्धत रूढ होत गेली. डॅलसमधील सर्जन जॉन टेबेट्स यांनी विल्यम अॅडम्स यांच्यासह २००५ मध्ये मांडलेली 'हाय फाइव्ह' ही पद्धत त्यातली प्रसिद्ध. पाच मापे घेऊन पाच निर्णय पाच मिनिटांत, असे तिचे सूत्र. सगळे सर्जन ही पद्धत जशीच्या तशी वापरतात असे नाही, पण मोजमापाचे तत्त्व आता सर्वत्र मान्य आहे.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे स्तनाच्या तळाची रुंदी. छातीच्या मधल्या हाडाजवळ स्तन जेथे सुरू होतो तेथपासून काखेच्या बाजूला तो जेथे संपतो तेथपर्यंतचे हे अंतर, सरळ रेषेत, कॅलिपरने मोजतात. इम्प्लांटचा व्यास सर्वसाधारणपणे या रुंदीच्या आत राहिला पाहिजे. ते रुंद झाले की त्याला जायला दोनच दिशा उरतात. बाहेर सरकले तर हात शरीरालगत ठेवताना काखेपाशी अडथळा जाणवतो. आत सरकले तर दोन्ही बाजूंचे कप्पे मधल्या हाडावर एकमेकांना भिडू लागतात आणि स्तनांमधली मोकळी जागाच नाहीशी होते. ही दुसरी विकृती दुरुस्त करणे अनुभवी सर्जनलाही जड जाते.

टेबेट्स-अॅडम्स यांच्या तक्त्यात तळाची रुंदी साडेदहा सेंटीमीटर असेल तर सुरुवातीचा अंदाज २०० सीसीचा धरला आहे. साडेअकरा सेंटीमीटर असेल तर २७५ आणि बारा असेल तर ३०० सीसी. हा शेवटचा आकडा नव्हे. पुढची मापे त्यात भर घालतात किंवा वजाबाकी करतात.

दुसरे माप त्वचेच्या ताणाचे. स्तनाग्राभोवतालची त्वचा हलकेच पुढे ओढून ती किती पुढे येते ते पाहतात. दोन सेंटीमीटरपेक्षा कमी येत असेल तर त्वचा घट्ट आहे. मूळ आकड्यातून साधारण तीस सीसी वजा करायचे. तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त येत असेल तर तीस सीसी मिळवायचे, चारपेक्षा जास्त असेल तर साठ. जिचे अद्याप बाळंतपण झालेले नाही अशा तरुणीची त्वचा बहुधा घट्ट असते. दोन मुलांना अंगावर पाजल्यानंतर स्तन रिकामे झालेल्या स्त्रीची त्वचा सैल असते. त्यामुळे दोघींच्या छातीची रुंदी साडेअकरा सेंटीमीटरच असली तरी पहिलीसाठी आकडा २४५ च्या आसपास येईल आणि दुसरीसाठी ३३५ च्या. तिचा सैलपणा भरून काढायलाच जास्तीचे घनफळ लागते. त्यामुळे दिसायला ती पहिलीपेक्षा मोठी वाटेलच असे नाही.

तिसरे माप चिमटीचे. स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा आणि तिच्याखालचा मेदाचा थर चिमटीत धरून जाडी मोजतात. ती दोन सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट केवळ ग्रंथीखाली ठेवू नये, छातीच्या मोठ्या स्नायूचे आच्छादन त्यावर घ्यावे, असा संकेत आहे. अन्यथा त्याची कड आणि आवरणावरच्या सुरकुत्या त्वचेतून दिसतात, बोटाला लागतात. सडपातळ बांध्याच्या स्त्रियांच्या बाबतीत हे माप विशेष निर्णायक असते. नेमक्या अशाच स्त्रियांना मोठ्या इम्प्लांटची ओढ अधिक असते, हा त्यातला पेच आहे. स्नायूखाली ठेवण्याचीही किंमत आहेच. दंडाचे आणि छातीचे जोरकस व्यायाम करणाऱ्या स्त्रीमध्ये स्नायू आवळला की इम्प्लांट हलताना दिसते. व्यायामशाळेत नियमित जाणाऱ्यांनी ही बाब सर्जनला आधीच सांगावी.

चौथे माप स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे, त्वचा पूर्ण ताणून घेतलेले. घनफळ वाढले की हे अंतरही वाढावे लागते. ३०० सीसीच्या इम्प्लांटसाठी ते साधारण आठ सेंटीमीटर हवे. कमी असेल तर घडी खाली उतरवावी लागते आणि घडी उतरवणे हे नाजूक काम आहे. ते चुकले तर इम्प्लांट खाली ओघळते किंवा जुन्या घडीची रेघ नव्या उभारावर राहून एकाखाली एक असे दोन उभार दिसू लागतात.

या सर्व मापांवरून जो आकडा निघतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडी मोकळीक असते. पंचवीस सीसी कमी, पन्नास जास्त, उंचावा थोडा कमी किंवा अधिक. स्त्रीची आवड येथे कामी येते. काही जणींना वरचा भाग भरलेला हवा असतो, काहींना उतार नैसर्गिक दिसावा असे वाटते. साडीत किंवा कुर्त्यात कोणाच्या लक्षातही येऊ नये, असे सांगणाऱ्या स्त्रियाही असतात. हे सर्व बोलायलाच हवे. मात्र २७५ की ३०० यावर रात्र-रात्र जागण्यात अर्थ नाही. पंचवीस-तीस सीसी म्हणजे मोठे दोन चमचे. एवढा फरक बाहेरून ओळखणे सर्जनलाही कठीण जाते.

तांदळाची पुरचुंडी

अंदाज यावा म्हणून घरच्या घरी करण्याचा एक उपाय पुष्कळ सर्जन सुचवतात. मापाच्या भांड्याने ठरलेल्या सीसीइतके तांदूळ मोजायचे, पातळ मोज्यात भरून गाठ मारायची आणि सैलसर, पॅड नसलेल्या ब्रामध्ये ठेवून आरशात पाहायचे. आरशापुरते थांबू नये. त्या पुरचुंड्या घेऊन दिवसभर घरात वावरावे, जिना चढावा, स्वयंपाक करावा, नेहमीचे ब्लाऊज आणि कुर्ते घालून पाहावेत. जो आकडा सकाळी उत्साहाने निवडला तो संध्याकाळी जड वाटू लागतो, असे पुष्कळदा घडते.

वजनाचा विचार तर आवर्जून करावा. सिलिकॉन जेलचे वजन जवळजवळ पाण्याइतकेच असते. म्हणजे ३०० सीसीच्या जोडीचे वजन सुमारे सहाशे ग्रॅम. ५०० सीसीची जोडी म्हणजे रोज दारात येणाऱ्या अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या. त्या छातीवर कायम वागवायच्या असतात. पळताना, झोपताना, मुलाला उचलून घेतानाही. तांदळाची पुरचुंडी तेवढ्याच घनफळात याहून हलकी भरते, हे लक्षात ठेवावे. शिवाय ब्रामध्ये बाहेरून ठेवलेला नमुना आणि स्नायूखाली दाबून बसलेले इम्प्लांट दिसायला तंतोतंत सारखे नसतात. म्हणून हा उपाय अंदाजापुरता. दवाखान्यात खास बनवलेले नमुने असतात. काही ठिकाणी त्रिमितीय छायाचित्र घेऊन संगणकावर संभाव्य आकार दाखवला जातो. ही चित्रे मोहक असतात. ती पाहताना त्वचा संगणकाचे ऐकते, टेबलावर ती स्वतःच्या मर्जीने वागते, याचे भान ठेवावे. शस्त्रक्रिया सुरू असताना तात्पुरते नमुने कप्प्यात ठेवून, रुग्णाला टेबलासह अर्धवट बसते करून अंतिम माप पक्के करण्याची पद्धतही अनेक सर्जन पाळतात. त्यामुळे 'अमुक आकडाच बसवा' असे लिहून घेण्याऐवजी 'अमुक ते अमुक यांच्या दरम्यान' अशी संमती देणे शहाणपणाचे.

दोन्ही स्तन मुळातच तंतोतंत सारखे नसतात. एक थोडा मोठा, एक थोडा खाली, ही सामान्य गोष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशात बारकाईने पाहण्याची सवय लागली की ती पहिल्यांदा लक्षात येते आणि दोष सर्जनला दिला जातो. फरक ठळक असेल तर दोन बाजूंना वेगवेगळ्या मापांची इम्प्लांट वापरतात. मिठाचे पाणी भरायच्या इम्प्लांटमध्ये ठरावीक मर्यादेत कमी-अधिक भरण्याची सोयही असते. तरीही शंभर टक्के सारखेपणा मिळत नाही आणि तो मागूही नये.

मोठ्या मापाची किंमत

स्तन ओघळलेले असतील तर ते वर उचलण्यासाठी मोठे इम्प्लांट मागण्याची चूक सर्रास होते. स्तनाग्र घडीच्या खाली उतरलेले असेल तर इम्प्लांटने ते वर येत नाही. उलट वाढलेल्या वजनाने आणखी खाली जाते. तेथे त्वचा कमी करून स्तन उचलण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते. तिचे व्रण राहतात, म्हणून ती टाळण्याकडे कल असतो. व्रण टाळण्यासाठी घेतलेले मोठे माप काही वर्षांनी तीच शस्त्रक्रिया अधिक वाईट अवस्थेत करायला लावते.

मोठ्या इम्प्लांटचा भार त्वचेवर आणि मूळ ग्रंथीवर सतत पडत राहतो. त्वचा ताणून पातळ होते, ग्रंथी दबून आक्रसते, वरच्या बाजूला ओढ बसून सुरकुत्या दिसतात. संवेदना वाहून नेणाऱ्या नसा ताणल्या जाऊन स्तनाग्राची जाणीव कमी होण्याचा धोका वाढतो. यातले बरेचसे बदल इम्प्लांट काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत. पातळ झालेली त्वचा पुन्हा जाड होत नाही आणि आक्रसलेली ग्रंथी पुन्हा भरत नाही. पुढे लहान इम्प्लांट बसवायचे ठरवले, तर ताणलेल्या त्वचेचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०११ मध्ये जाहीर केलेल्या आढाव्यानुसार स्तनवर्धनासाठी इम्प्लांट बसवलेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत हे प्रमाण दोघींत एक इतके आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याच्या कारणांत इम्प्लांटभोवतीचे वेष्टन आकसून कडक होणे हे प्रमुख कारण आहे, आणि माप बदलून हवे असणे हेही ठळक कारणांपैकी एक आहे. पहिल्या कारणावर कोणाचाच पूर्ण ताबा नाही. दुसरे मात्र टाळता येण्याजोगे आहे. टेबेट्स यांनी मोजमापाच्या पद्धतीने केलेल्या सलग ५० रुग्णांच्या मालिकेत तीन वर्षांत एकाही रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही, असे २००६ मध्ये नोंदवले. एका निष्णात सर्जनचे पन्नास रुग्ण म्हणजे काही सर्वसाधारण नियम नव्हे. परंतु या मालिकेत रुग्णांना आधी सविस्तर समजावून सांगण्यावर आणि मापाची मर्यादा लेखी मान्य करून घेण्यावर भर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी 'थोडे मोठे घेतले असते तर बरे झाले असते' असे म्हणणाऱ्या स्त्रियाही असतात. सुरुवातीच्या सुजेने स्तन प्रत्यक्षाहून मोठे आणि उंच दिसतात. सूज उतरली, इम्प्लांट आपल्या जागी स्थिरावले की ते लहान झाल्यासारखे वाटते. नव्या रूपाची सवय होते हेही एक कारण. अंतिम आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. तोपर्यंत मापाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, मग तो समाधानाचा असो की पश्चात्तापाचा.

वय, बाळंतपण आणि तपासण्या

एफडीएने २००६ मध्ये सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटना पुन्हा परवानगी दिली, ती स्तनवर्धनासाठी २२ वर्षांवरील स्त्रियांपुरती. मिठाच्या पाण्याच्या इम्प्लांटसाठी ही मर्यादा १८ वर्षांची आहे. वाढ पूर्ण होण्याआधी घेतलेले माप टिकत नाही, हा त्यामागचा साधा विचार. नजीकच्या काळात बाळंतपणाचा विचार असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे चांगले, कारण गरोदरपण आणि स्तनपान यांनी त्वचा व ग्रंथी दोन्ही बदलतात. स्तनपान थांबल्यावरही काही महिने जाऊ द्यावेत. वजन घटवण्याचा कार्यक्रम चालू असेल तर तो आधी पूर्ण करावा. स्तनाग्राच्या कडेने छेद घेतल्यास पुढे अंगावर पाजण्यात अडचण येण्याची शक्यता अधिक असते. घडीतला छेद त्या दृष्टीने बरा.

इम्प्लांट असताना मॅमोग्राफी करता येते, पण इम्प्लांट मागे ढकलून जादा चित्रे घ्यावी लागतात, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगणे आवश्यक आहे. घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या स्त्रीने हा मुद्दा सर्जनपुढे मांडलाच पाहिजे.

पृष्ठभाग खडबडीत असलेल्या काही इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध आढळल्याने अॅलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये आपली बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. थेंबाच्या आकाराची इम्प्लांट जागेवर फिरू नयेत म्हणून त्यांना खडबडीत पृष्ठभाग लागतो. त्यामुळे आता बहुतांशी गुळगुळीत आणि गोल इम्प्लांटचाच विचार होतो, आणि मापाची निवड व्यास व उंचावा या दोन गोष्टींभोवती फिरते. २०२१ मध्ये एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फुटले तर बाहेरून कळतेच असे नाही. म्हणून पाच ते सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन ते तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी सुचवली आहे. हा खर्च शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात क्वचितच धरला जातो.

कर्करोगानंतरची पुनर्रचना

कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीच्या बाबतीत मापाचा प्रश्नच वेगळा असतो. तेथे हौसेचा भाग नसतो. दुसऱ्या बाजूच्या स्तनाशी जुळवून घ्यायचे असते. त्या स्तनाच्या तळाची रुंदी आणि उंचावा मोजतात. काढलेल्या स्तनाचे वजन करून घनफळाचा अंदाज बांधतात. त्वचा अपुरी असेल तर आधी एक रिकामा फुगा बसवून त्यात काही आठवडे थोडे-थोडे मिठाचे पाणी भरत जातात आणि त्वचा पुरेशी ताणली की तेथे कायमचे इम्प्लांट ठेवतात. किरणोपचार द्यावे लागणार असतील तर त्वचा कडक होते आणि इम्प्लांटमध्ये गुंतागुंत वाढते. अशा वेळी पोटाची किंवा पाठीची ऊती वापरण्याचा पर्याय पुढे येतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे स्तन काढण्याचा निर्णय घेताना पुनर्रचनेविषयी विचारायचेच अनेकींना सुचत नाही, किंवा या वयात आता कशाला, म्हणून घरचे तो विषय बाजूला ठेवतात. विचारण्याची योग्य वेळ मात्र पहिल्या शस्त्रक्रियेआधीची असते. एक व्यावहारिक मुद्दाही आहे : आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण विमा नियामकाच्या प्रमाणित कलमानुसार अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून सोडलेली आहे.

सर्जनला काय विचारावे?

पहिली चौकशी पदवीची. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आहे का, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तशी नोंद आहे का, हे पाहता येते. शहरांतून फोफावलेल्या सौंदर्योपचार केंद्रांच्या पाट्यांवरून ते कळत नाही. त्यानंतर आपल्या स्तनाच्या तळाची रुंदी किती, चिमटीचे माप किती, सुचवलेल्या इम्प्लांटचा व्यास आणि उंचावा किती, ते ग्रंथीखाली जाणार की स्नायूखाली, हे आकड्यांत विचारावे आणि लिहून घ्यावे. मोजमाप न करता पहिल्याच भेटीत आकडा सांगणारा सर्जन आणि मागू तेवढे मोठे माप बसवून देणारा सर्जन, दोघांपासूनही दूर राहावे. माप बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचा खर्च कोणाचा, हेही शस्त्रक्रियेआधीच बोलून घ्यावे. नंतर हा विषय काढणे अवघड होते.

इम्प्लांटच्या वेष्टनावर उत्पादक, अनुक्रमांक, घनफळ आणि व्यास छापलेले असतात, आणि आयात केलेल्या मालावर भारतीय परवाना क्रमांकही असावा लागतो. हे तपशील फुकाचे नाहीत. फ्रान्समधील पीआयपी कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा जगभरातल्या हजारो स्त्रियांपुढे पहिला प्रश्न हाच होता की, आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे. शस्त्रक्रियेनंतर या तपशिलांचे कार्ड रुग्णाला मिळते. ते फाइलमध्ये ठेवावे, त्याचे छायाचित्र काढून घरातल्या एका विश्वासू व्यक्तीकडेही द्यावे. दहा-पंधरा वर्षांनी इम्प्लांट बदलण्याची वेळ आली आणि पहिला सर्जन निवृत्त झालेला असला, तर नव्या सर्जनला कप्प्याची रुंदी आणि जुने माप त्या कार्डावरूनच कळते.